नियमावलीतून उगवलेली घरं

उपनगरांचा अभ्यास घरांपासून सुरू करू नये, असं माझं मत आहे. घरं डोळ्यांत भरतात आणि आपण लगेच आवडीनिवडीवर येतो. एकसारखी छपरं, एकसारखी फाटकं, पुढे हिरवळीचा तुकडा, दारात गाडी. बघणारा म्हणतो, 'किती कंटाळवाणं', राहणारा म्हणतो, 'किती शांत', आणि बोलणं तिथेच खुंटतं. मी आधी त्या भागाची बांधकाम नियमावली उघडते. भूखंड कमीत कमी केवढा हवा, चारी बाजूंनी सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंतची मोकळी जागा, किती सोडायचं, एका भूखंडावर किती कुटुंबं राहू शकतात, तळमजल्यावर दुकान चालेल का, गाड्यांसाठी किती जागा राखायची, रस्ता किती रुंद हवा. ही पानं रुक्ष असतात खरी. पण नीट वाचली तर त्या वस्तीत पाऊल न टाकता तिचं चित्र कागदावर काढता येतं, आणि बहुतेक वेळा ते जुळतं.

एक साधा हिशेब मांडते. समजा, नियम सांगतो की भूखंड किमान १०,००० चौरस फुटांचा हवा आणि रस्त्याकडची रुंदी किमान ८० फूट. म्हणजे ८० बाय १२५. पुढे ३० फूट सोडा, मागे २५, दोन्ही बाजूंना दहा-दहा. मध्ये उरलेल्या चौकटीत एकच घर, एकाच कुटुंबाचं. असे भूखंड रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडत चला. ४०० मीटर, म्हणजे साधारण १,३०० फूट, माणूस पाच मिनिटांत चालतो. एवढ्या अंतरात एका बाजूला १६ घरं बसतात, दोन्ही बाजू मिळून ३२. बत्तीस घरांच्या जिवावर किराणा दुकान तग धरत नाही. बत्तीस घरांसाठी दर दहा मिनिटांनी बस सोडणं कुठल्याच परिवहन सेवेला परवडत नाही. आता भूखंडाची रुंदी २५ फूट करा. त्याच पाच मिनिटांच्या वाटेवर शंभरावर घरं येतात, आणि दुकान, बस, दवाखाना या सगळ्यांचा निदान विचार तरी करता येतो. माणसं तीच, त्यांच्या आवडी त्याच. बदलला तो एक आकडा.

लोकांना हवं होतं म्हणून उपनगर झालं, असं सर्रास म्हटलं जातं. हवं होतं, यात शंकाच नाही. पण ते कोणत्या रूपात मिळेल, कुणाला मिळेल आणि कुणाच्या वाट्याला येणार नाही, हे ठरवलं कर्जाच्या अटींनी, रस्त्यांच्या मापांनी आणि न्यायालयांच्या निकालांनी. इतकी वर्षं या विषयाच्या मागे लागल्यावर माझं सांगणं एवढंच उरलं आहे. बाकी सगळे त्याचे पुरावे.

आधी त्या 'हवं होतं'बद्दल. एकोणिसाव्या शतकातली कारखान्यांची शहरं राहायला भयंकर होती. धूर, तुंबलेली गटारं, कॉलऱ्याच्या साथी, एका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबं. त्यातून बाहेर पडावंसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. शिकागोजवळच्या रिव्हरसाइडचा आराखडा १८६९ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी केला. रेल्वेने शहराशी जोडलेली वस्ती, नदीकाठाला धरून वळत जाणारे रस्ते, भरपूर झाडं आणि प्रत्येक घर रस्त्यापासून ३० फूट मागे. वरच्या हिशेबात मी घेतलेले ३० फूट तिथूनच घेतले आहेत. एका आराखड्यातली नजाकत पुढे शेकडो गावांच्या नियमावल्यांत सक्तीची अट होऊन बसली.

ब्रिटनमध्ये एबेनेझर हॉवर्ड पेशाने लघुलेखक होता. संसदेतली भाषणं टिपून घेणं हे त्याचं काम. १८९८ साली त्याने उद्याननगराची कल्पना मांडली. ६,००० एकर जमीन, त्यातल्या १,००० एकरांवर नगर, बाकी शेती आणि मोकळं रान, लोकवस्ती ३२,०००. कारखाने, दुकानं, शाळा सगळं आतच. पण त्याच्या कल्पनेचा गाभा झाडांमध्ये नव्हता, जमिनीच्या मालकीत होता. जमीन सगळ्या नगराची सामाईक; वस्ती वाढली की जमिनीची किंमत वाढते, आणि ती वाढ भाड्याच्या रूपाने नगराच्याच तिजोरीत परत यायची. १९०३ मध्ये या कल्पनेवर लेचवर्थ हे नगर उभं राहू लागलं. पुढे जगभर त्याची नक्कल झाली आणि नकलेत झाडं आली, वळणदार रस्ते आले, हिरवळ आली. सामाईक मालकी मात्र कुणी उचलली नाही. एखाद्या नियोजनकल्पनेची नक्कल होताना नेमकं काय गळतं याकडे मी बारीक लक्ष ठेवते, कारण पुन्हा पुन्हा तेच गळतं: दिसायला सुंदर ते राहतं आणि वाटून घ्यायचं ते जातं.

जमिनीच्या वाढत्या किमतीचं दुसरं एक उत्तर जपानमध्ये सापडलं. ओसाकाहून निघणारी मिनो-आरिमा विद्युत रेल्वे १९१० साली सुरू झाली. तिचा कर्ताधर्ता इचिझो कोबायाशी याने ओळखलं होतं की नुसत्या तिकिटांवर ही गाडी चालणार नाही. त्याने मार्गालगतच्या जमिनी घेतल्या आणि इकेदा इथे घरं बांधून पगारदार कुटुंबांना दहा वर्षांच्या हप्त्यांवर विकली. मार्गाच्या एका टोकाला करमणूक आणि दुसऱ्या टोकाला दुकानं असली की दोन्ही दिशांच्या गाड्या भरलेल्या राहतात, हे त्याचं गणित. इथे नफा खाजगी कंपनीच्याच खिशात गेला, हे खरं. पण जमिनीची वाढलेली किंमत आणि रेल्वेचा खर्च एकाच वहीत आल्यामुळे स्टेशनापासून लांब घरं बांधण्यात कुणालाच रस उरला नाही. जपानी महानगरांची उपनगरं स्टेशनांभोवती इतकी घट्ट का बसली आहेत, त्याचं एक मोठं कारण त्या वहीत आहे.

अमेरिकेत ती वही वेगळ्याच टेबलावर उघडली. १९३० च्या दशकाआधी तिथे गृहकर्ज बहुतेक घराच्या निम्म्या किमतीपर्यंत मिळायचं, तेही मोजक्या वर्षांसाठी, आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी भरा. महामंदीत ही व्यवस्था कोसळली. १९३४ साली संघीय गृहनिर्माण प्रशासन स्थापन झालं. या संस्थेने कर्ज दिलं नाही. बँकांनी दिलेल्या कर्जाचा विमा उतरवला. घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, २० वर्षांच्या समान हप्त्यांनी. साध्या पगारात घर घेणं शक्य झालं ते या एका कलमामुळे, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचं भाड्याचं ओझं उतरलं.

पण विमा म्हटला की अटी आल्या. कुठल्या घराला विमा द्यायचा आणि कुठल्या नाही, हे ठरवायला मूल्यमापनाची पुस्तिका होती. नवं घर बरं, जुनं धोक्याचं. स्वतंत्र घर बरं, दुकानावरचं घर धोक्याचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, वस्ती 'एकजिनसी' हवी. १९३८ च्या पुस्तिकेत खरेदीखतांमध्ये वंशाची अट घालण्याची शिफारस उघड शब्दांत आहे.

त्याच काळात दुसऱ्या एका सरकारी महामंडळाने, कुठे कर्ज देणं किती सुरक्षित हे दाखवणारे, शहरांचे रंगीत नकाशे केले होते: हिरवा उत्तम, निळा ठीक, पिवळा उतरणीचा, लाल धोक्याचा. हे नकाशे आता खूप जणांनी पाहिलेले असतात. मला त्यांच्या मागे जोडलेला छापील तक्ता जास्त बोलका वाटतो. एका वस्तीला एक पान. जमिनीचा उतार, घरांचं वय, डागडुजीची स्थिती, भाड्याचे दर. आणि या व्यावहारिक रकान्यांच्या रांगेतच, त्याच टंकात, आणखी रकाने: परदेशात जन्मलेली कुटुंबं किती टक्के, कृष्णवर्णीय आहेत का, असल्यास किती टक्के, आणि 'शिरकाव' कुणाचा होतो आहे. छप्पर गळतं का हे विचारावं त्याच सुरात शेजारी कोण आहे हे विचारलेलं. भरणारा कारकून दुष्ट असेलच असं नाही. त्याच्यासमोर रकाना होता, त्याने तो भरला. धोरणाचा अभ्यास करणाऱ्याने फॉर्म वाचायला शिकायला हवं, असं मी कळकळीने म्हणते ते यासाठी. कायद्याची भाषा सभ्य असते. फॉर्ममध्ये रकाने असतात आणि ते लपत नाहीत.

१९४७ मध्ये लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत लेव्हिटटाउन उभं राहू लागलं. ६० बाय १०० फुटांचे भूखंड, साडेसातशे चौरस फुटांची घरं, बांधकामाची छोट्या छोट्या कामांत विभागणी. एक टोळी फक्त जोती घालत पुढे जायची, दुसरी फक्त रंग देत. चार-साडेचार वर्षांत सतरा हजारांवर घरं. युद्धावरून परतलेल्या, सासर-माहेरच्या घरात अडचणीत राहणाऱ्या जोडप्यांसाठी ही मोठी सुटका होती. त्या घरांची आणि त्यांत राहणाऱ्यांची टवाळी करणारं बरंच लिहिलं गेलं. मला ती टवाळी कधीच पटली नाही. पहिल्यांदा स्वतःचं न्हाणीघर मिळालेल्या बाईला शेजारचं घर आपल्यासारखंच दिसतं याचं दुःख कशाला होईल? मात्र त्या घरांच्या भाडेकरारात सुरुवातीला एक कलम होतं: गोऱ्यांखेरीज इतर कुणालाही या जागेत राहू देणार नाही, घरकामाला ठेवलेले नोकर तेवढे चालतील.

अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. पण कागदावरची अट गेली म्हणून वस्ती बदलली नाही. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये राहायला आलं. विल्यम दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. ही घरं ज्यांच्यासाठी बांधली म्हणत होते, त्यांतलाच तो एक. घराबाहेर रात्रीमागून रात्री जमाव जमला, दगड आले. काही शेजारी मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या जमावाला भिऊन मायर्स कुटुंब घर सोडून गेलं नाही.

वंशाचं नाव घेऊन दार लावणं अवघड झालं, तेव्हा भूखंडाच्या आकाराने ते लागत राहिलं. याचा कायदेशीर पाया आधीच घातला गेला होता. ओहायोमधल्या युक्लिड या गावाने जमिनीचे वापर वेगळे करणारे झोन आखले. ६८ एकरांचा मालक असलेली एक कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. कारखान्याचा धूर शाळेपासून लांब ठेवणं कुणालाही पटेल. पण त्याच निकालपत्रात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या सदनिकांच्या इमारतीला 'परजीवी' म्हटलं आहे. वस्तीची मोकळी हवा फुकटात लुटायला ती येते, असा युक्तिवाद. इमारतीबद्दल बोललेलं ते वाक्य तिच्यात राहणाऱ्या माणसांना चिकटायला वेळ लागला नाही.

न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलची गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळची आहे. शेतीचं गाव, फिलाडेल्फियापासून फार लांब नाही, म्हणून झपाट्याने उपनगर होत चाललेलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं होती. जुनी घरं मोडकळीला आली होती आणि नवं काही परवडत नव्हतं. त्यांनी मिळून एक प्रस्ताव केला: ३६ साध्या सदनिका, गावातच. नियमावलीत बसत नाही म्हणून तो नाकारला गेला, कारण गावातली जमीन मोठ्या भूखंडांवरच्या स्वतंत्र घरांसाठी राखलेली. या लोकांची पुढारी होती एथेल लॉरेन्स. १९७० साली त्यांच्या चर्चमध्ये झालेल्या सभेत महापौरांनी त्यांना सांगितलं की इथे राहणं परवडत नसेल तर दुसरीकडे जा. ज्यांचे पूर्वज महापौरांच्या आधीपासून त्या मातीत होते, त्यांना.

लॉरेन्स न्यायालयात गेल्या. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाढत्या गावांना आपल्या प्रदेशातल्या गरिबांच्या घरांचा रास्त वाटा उचलावाच लागेल. नियमावलीच्या आडून तो टाळता येणार नाही. निकाल मोठा होता, अंमलबजावणी शून्य. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाला तेच पुन्हा, अधिक कडक शब्दांत सांगावं लागलं. लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची घरं त्या गावात लोकांना राहायला मिळाली ती २००० साली. छत्तीस सदनिकांच्या अर्जापासून तीस वर्षं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर सविस्तर पाहणी केली. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर चढतील, अशा ज्या भीतींवर ही तीस वर्षं गेली, त्यांतली एकही खरी ठरलेली त्यांना आढळली नाही. ती पाहणी मी वाचली तेव्हा मला समाधान वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. एक अख्खी पिढी त्या भीतीपोटी दुसरीकडे वाढली.

आता रस्ते. माझ्या टेबलावर एका उपनगराचा नकाशा आहे, गाव कुठलं याला महत्त्व नाही, कारण असा नकाशा हजारो ठिकाणी निघेल. दोन घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत, मध्ये लाकडी कुंपण. एका घरच्या मुलाने हाक मारली तर दुसऱ्या घरच्या मुलाला ऐकू जाईल. पण दोन घरं दोन वेगवेगळ्या बंद गल्ल्यांमध्ये आहेत. एका दारातून दुसऱ्या दारात जायचं तर आधी आपली गल्ली संपवून जोडरस्त्यावर, तिथून मोठ्या रस्त्यावर, पदपथ नसलेला तो रस्ता धरून पुढच्या फाट्यापर्यंत, मग दुसरा जोडरस्ता, मग दुसरी गल्ली. दोरा ठेवून मोजलं तर अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास भरतं. सात वर्षांच्या मुलाला कुणी एकटं पाठवणार नाही. मग आई गाडी काढते. कुंपणापलीकडच्या मित्राकडे जायला गाडी.

या गल्लीच्या टोकाचं वर्तुळ एवढं मोठं का? कारण अग्निशमनाचा बंब तिथे वळला पाहिजे. गल्ल्या बंद का? कारण १९३६ मध्ये त्याच गृहकर्ज-विमा संस्थेने लेआऊट कसे असावेत याची पत्रिका काढली आणि चौकटीच्या, एकमेकांना छेदणाऱ्या रस्त्यांपेक्षा वळणदार रस्ते आणि बंद गल्ल्या पसंत केल्या. विमा हवा तर विकासक पत्रिकेप्रमाणेच आखणार. हेतू वाईट नव्हता. भरधाव गाड्या घरासमोरून जाऊ नयेत, मुलं सुरक्षित राहावीत. याचा नमुना न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये १९२९ साली क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी घालून दिला होता. तिथेही बंद गल्ल्या आहेत, पण घरांच्या दुसऱ्या अंगाला पायवाटा आहेत, त्या सामाईक बागेत निघतात आणि रस्त्याखालून भुयारी वाटेने शाळेकडे जातात. गाडी एका बाजूने, मूल दुसऱ्या बाजूने. नकलेत बंद गल्ली राहिली. पायवाट आणि बाग गळाली, कारण त्या जागेवर आणखी भूखंड पाडता येत होते.

पार्किंगचं गणित मी थोडक्यात सांगते, कारण ते एकदा कळलं की विसरत नाही. बऱ्याच ठिकाणी कार्यालयांसाठी दर १,००० चौरस फुटांमागे चार गाड्यांची जागा सक्तीची होती, काही ठिकाणी अजून आहे. एक गाडी उभी करायला, वळायला-निघायला मिळून तीनशेच्या वर चौरस फूट लागतात. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या कार्यालयाला १,२०० चौरस फुटांहून जास्त डांबर. माणसांपेक्षा गाड्यांना जास्त जागा, आणि तीही कायद्याने. अशी दोन कार्यालयं शेजारी आली की त्यांच्यामधलं अंतर चालण्याजोगं राहत नाही, मग सगळे गाडीनेच येतात, आणि मग गाड्या इतक्या येतात म्हणून नियम कायम ठेवावा लागतो.

हे सगळं अटळ होतं का? स्टॉकहोम शहराने १९०४ पासून आपल्या हद्दीबाहेरची जमीन विकत घ्यायला सुरुवात केली, गरज पडायच्या कितीतरी आधी. म्हणून १९५० च्या दशकात भुयारी रेल्वेचा मार्ग आणि घरांची जागा एकाच कचेरीत ठरवता आली. १९५४ मध्ये वेलिंगबी हे उपनगर सुरू झालं तेव्हा काम, घर आणि बाजार एकाच स्टेशनाभोवती आणण्याचा उद्देश होता. कामाचा भाग पुरता साधला नाही, बरेच लोक शहरातच नोकरीला जात राहिले. पण जातात ते रेल्वेने. कोपनहेगनच्या १९४७ च्या आराखड्यात शहर म्हणजे तळवा आणि लोकल रेल्वेचे मार्ग म्हणजे पाच बोटं. घरं बोटांवर, बोटांमध्ये शेतं आणि वनं. पुढे त्यात अशी अट आली की मोठी कार्यालयं स्टेशनापासून ६०० मीटरांच्या आत हवीत. ६०० मीटर हासुद्धा एक आकडाच. पण तो आकडा पायी चालणाऱ्याच्या बाजूने आहे.

युरोपात सगळंच शहाणपणाने झालं, असंही नाही. पॅरिसच्या उत्तरेला सार्सेलमध्ये १९५५ पासून लांबच लांब, उंच इमारतींची प्रचंड वसाहत बांधली गेली. घरांत ऊन होतं, गरम पाणी होतं, पण रोजगार लांब आणि सोयी मागाहून. १९७३ मध्ये सरकारने एक परिपत्रक काढून अशा महाकाय वसाहतींना पायबंद घातला. तोवर त्या उभ्या होत्या आणि ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत होतं ते निघून जात होते. २००० च्या कायद्याने मोठ्या नागरी प्रदेशांतल्या गावांना किमान २० टक्के सामाजिक, म्हणजे कमी भाड्याची, घरं ठेवणं बंधनकारक केलं, पुढे बऱ्याच ठिकाणी ते प्रमाण २५ टक्क्यांवर नेलं. काही श्रीमंत उपनगरं घरं बांधण्याऐवजी वर्षानुवर्षं दंड भरत राहिली. माउंट लॉरेल फ्रेंचमध्येही घडतं.

उपनगर म्हातारं होतं, हे नियोजनाच्या आराखड्यांत फार उशिरा उगवलं. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ साली पहिली कुटुंबं राहायला आली. जवळजवळ सगळी एकाच वयाची: तिशीतले आईबाप, लहान मुलं. चढउतारावर पाच मजली इमारती, लिफ्ट नाही. तिशीतल्या माणसाला पाच मजले म्हणजे काय? मग मुलं मोठी झाली, बाहेर गेली, शाळांचे वर्ग ओस पडले आणि ते आईबाप एकाच वेळी सत्तरी-ऐंशीत पोचले, वरच्या मजल्यांवर. एकाच वेळी, एकाच वयाच्या, एकाच उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलं की म्हातारपणही सगळ्यांना एकदमच येतं. तिथल्या एका जुन्या वसाहतीने पुनर्बांधणी करून दाखवली. ६४० घरांच्या जागी लिफ्ट असलेली १,२४९ घरं २०१३ मध्ये तयार झाली. त्यासाठी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पाचातल्या चार मालकांची संमती लागत होती. इतक्या माणसांना एका कागदावर आणायला त्या रहिवाशांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील, याची कल्पना करते तेव्हा माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर दाटतो.

नियम बदलला की उपनगर बदलतं का? बदलतं, पण नियमाच्या वेगाने नाही. इमारत पन्नास वर्षांत पाडतात, रस्त्याचं डांबर दर काही वर्षांनी नवं येतं, पण भूखंडाची हद्द शतकभर हलत नाही, कारण ती हलवायला दोन मालक लागतात. म्हणून आज एखाद्या शहराने पन्नास वर्षांपूर्वीची चूक सुधारणारा ठराव केला तरी जमिनीवर तो तुकड्यातुकड्याने उतरतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिसने २०१८ मध्ये एका भूखंडावर तीन घरांपर्यंत परवानगी देण्याचं ठरवलं, त्याचा जगभर गाजावाजा झाला, पण तशा तीन घरांच्या इमारती फार थोड्या उभ्या राहिल्या. मोठ्या रस्त्यांवर जास्त मजल्यांना मुभा आणि पार्किंगची सक्ती काढणं, याचा परिणाम जास्त दिसला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर दाट बांधकामाला वाव दिला आणि पुढच्या काही वर्षांत बांधकाम परवानग्या झपाट्याने वाढल्या. एका गल्लीपुरता नियम बदलला तर तिथली जमीन महाग होते; सगळीकडे एकदम बदलला तर कुणा एकाच्या जमिनीला तसा भाव चढत नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

ह्यूस्टनची वाट निराळी. तिथे झोनिंगच नाही, पण किमान भूखंडाचा नियम होता, ५,००० चौरस फुटांचा. १९९८ मध्ये मधल्या वर्तुळाकार महामार्गाच्या आत तो १,४०० वर आणला आणि २०१३ मध्ये बाकी शहरालाही ती मुभा दिली. एका जुन्या घराच्या जागी तीन-तीन, चिंचोळी, तीन मजली घरं उभी राहिली, हजारोंनी. शिवाय एखाद्या गल्लीतल्या मालकांनी अर्ज केला आणि पुरेशा शेजाऱ्यांनी पाठिंबा दिला, तर त्या गल्लीपुरता मोठा आकार राखण्याची सोयही आहे. काही अभ्यासकांना ही सोय शहाणी तडजोड वाटते. तिच्यामुळे विरोध निवळला आणि बाकीचं शहर मोकळं झालं. व्यवहार म्हणून मला ते मान्य आहे. पण अर्जावर सह्या कुणाच्या असतात? आज तिथे ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्या. त्या गल्लीत उद्या भाड्याने राहू शकली असती ती नर्स, तो ड्रायव्हर, तिथेच वाढून पुन्हा परतू पाहणारी ती मुलगी, यांच्यासाठी त्या कागदावर ओळच नाही.

म्हणून सध्या मी नियमावल्यांच्या बरोबरीने सुनावण्यांची इतिवृत्तं वाचते आहे. सभा किती वाजता ठेवली होती, कामाच्या दिवशी की सुटीच्या, कोण कोण बोललं, पत्ता काय दिला, घर स्वतःचं की भाड्याचं. इतिवृत्त लिहिणारे यांतलं सगळं टिपत नाहीत. भाडेकरू असल्याचं सांगून बोललेला माणूस सापडला की त्याचं म्हणणं मी वहीत पूर्ण उतरवून घेते, आणि वर्षभराने मंजूर झालेल्या मसुद्यात त्यातलं काही उतरलं का ते शोधायला पुन्हा बसते.